शेजारचा उतारा

काकू, सरांची लेकरं, आणि अहमदपूरच्या माझ्या मंडळींनो,

सारा जन्म वर्गात बोलण्यात गेला माझा. आज मात्र लिहून आणलंय. समोर शिवराज सर नाहीत, त्यांचा फोटो आहे.

ते वर्ष आठवतंय ना? लातूर नवा जिल्हा झालेला. कॉलेजच्या पाटीवर 'जिल्हा लातूर' रंगवत होते आणि पाटीखालचा रांजण कोरडा. दुष्काळानं आमचं वसतिगृह बंद पडलं. मी कंधारकडची. माझे वडील, अप्पा, न्यायलाच आले, "बास झालं शिकणं." सरांनी आम्हाला एसटी स्टँडवर गाठलं, जीवशास्त्राची आपली वही माझ्या हातात ठेवली. "उतरवून काढ. पण परत द्यायला तूच यायचं."

पुस्तकं कुठं होती तेव्हा? आम्ही सरांच्या वहीवरच शिकलो. वहीत दर उताऱ्याखाली एकच ओळ, 'आता आकृती बघा.' पुन्हा पुन्हा तीच. लिहिता लिहिता माझी नजर खालच्या ओळीवरून वरच्या तशाच ओळीवर गेली, आणि मधला उतारा मी दोनदा लिहिला.

वही परत द्यायला गेले, तेव्हा सरांनी माझी वही तपासली. वाटलं, आता सरच म्हणतील, घरी बस. सर तर लई हसले! "अगं, जनुकांचं असंच होतंय! डीएनएत सारखेच तुकडे पुन्हा पुन्हा येतात. दोन गुणसूत्रं जुळून तुकड्यांची अदलाबदल करताना तिथं गल्लत होते. एकात जनुक दोनदा येतं, दुसऱ्यात सुटतं. तू सोडलं असतंस तर मी रागावलो असतो! आता पहिलं जुनं काम करतंय, म्हणून शेजारचं बदलायला मोकळं हाय. दुसरा उतारा खोडू नको. तुझ्या भाषेत लिही."

मी लिहिलं, 'थोरल्या भावानं वडिलांची शेती धरली, म्हणून धाकट्याला सुतारकी शिकता आली. घरं भिंतीला भिंत, रक्त एक, कामं दोन.' तो उतारा मी अप्पांना वाचून दाखवला. म्हटलं, "अप्पा, मी न्हाई सोडणार कॉलेज." अप्पांनी माझी पिशवी उचलून हातात दिली. मग म्हणाले, "हाव. जा."

मंडळी, मी मास्तरीण झाले ती त्या चुकीमुळं. आणि ती चूक खोडू न देणाऱ्या माणसामुळं.

काल काकूंनी सरांची ती वही मला दिली. त्यांच्या उताऱ्याशेजारी माझा उतारा आहे. थोरला भाऊ, धाकटा भाऊ, सगळं. अक्षर सरांचं. माझ्या वहीतून त्यांनी तो उतरवून घेतला होता, आणि मला कधी बोलले नाहीत. काय म्हणावं या माणसाला?

सर वर्गात शिरले की आमच्या आधी तेच हात जोडायचे, 'शरणार्थ' म्हणायचे, तोच त्यांचा नमस्कार. आम्हाला त्यांच्या आधी म्हणणं कधी जमलं नाही. आज जमेल. उभे राहू या.  हात जोडा.

सर, शरणार्थ.