निवडणुकीत जमा केलेली बंदूक

न्हाई हवालदारसायेब, तुमी बसा म्हनला म्हनून बसलो हुतो मगाशी, पर बसवंना — हे बाकडं टोचतंय का मलाच आज कुठं बसवत न्हाई, कुनाला ठावं. तिसरी खेप हाय माझी. पयल्या खेपंला म्हनला कारकून रजेवर हाय, दुसऱ्या खेपंला म्हनला वरनं कागूद यायचाय, आन आज नुसतं बसा. निवडणुकीआधी हुकूम आला, परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करा, तवा पयला आणून दिली कुनी? मीच. बगा तुमच्या वहीत — माघ महिना, माझं नाव लालासाहेब, ठासणीची, एकनळी. तुमच्याच त्वांडचं शबूद हुतं, निवडनूक झाली की घिऊन जावा. झाली की निवडनूक. जुनं सरकार पडलं, नवं आलं, ते बी आता जुनं व्हायला लागलं. आमच्या गावच्या हंबीररावाला त्याची मिळाली, शेजारच्या गुंडाला त्याची मिळाली. गुंडाची तर दस्त्याला सुतळी बांधलेली, ती बी दिली. मंग माझीच कशापायी अडीवली? पावती? ही बगा की. घामानं वली झालीया, पर अक्षर दिसतंय.

बरं, तेल लावलं का तिला कुनी? न्हाई, इचारतो आपला. दोन महिनं भिंतीला टेकून उभी असंल तिकडं आतल्या खोलीत. खोबरेल लावू नगा, शिवनयंत्राचं लागतं तिला. नळीत करंगळी घालून बगा, तांबडं लागलं तर गंज धरला समजायचं. मी आठ दिसाला एकदा पुसायचो — इतवारी, जेवनाआधी, दाराम्होरं घोंगडं आथरून. माझ्या बापाची ती. बापानं शिकारीला नेली असंल, मी न्हाई नेली फारशी. काय म्हनता? कारन? कारन पायजे व्हय रकान्यात? लिवा की — पीक संरक्षन. दीड एकर ऊस हाय हिरीवरचा, रानडुकरं येत्यात. किती मारली?... आता तुमी असं त्वांडावर इचारल्यावर काय सांगू. डुक्कर म्हंजी, बार ऐकला की पळतंयच ते, मारायचं काम पडत न्हाई. एकदा एक मोर — न्हाई, तो उडून गेला. मोराचं लिवू नगा. खोडा ते. मोर न्हवताच.

खरं सांगू का सायेब, डुकरासाठी कोन बंदूक ठिवतं? डबा वाजवला तरी डुक्कर जातंय. ती खांद्याला लावून मी एश्टीच्या फाट्यावर आलो ना, की मानसं बोलायची थांबायची. चहावाला आधी मला कप द्यायचा. एरवी मला कोन वळखतंय? सोपानचा थोरला भाव, एवढीच वळख. सोपान म्हंजी माझा धाकला — पल्टनीत हुता, चौदा वर्सं, हवालदार हून आला, तुमच्यावानीच. एकाहत्तरच्या लढाईत बी हुता. पल्टन सोडून आला तवा गाव त्याला आणायला लोणंदच्या ठेसनावर गेलं, हलगी लावून. मी बी गेलो हुतो. त्याची ट्रंक उचलून गाडीत मीच ठिवली. आन मी तीनदा गेलो हुतो सायेब भरतीला, साताऱ्याला. पळायला मी सोपानपरास चांगला. पर फळीवर वला पाय ठिवाया लावला आन डाक्टर म्हनला, तळवा सपाट हाय, जावा घरी. तीनी बारीला तोच डाक्टर, तीच फळी. तिसऱ्या बारीला माझ्याबरुबर सोपान आला. त्याला घेतलं. एका आईच्या पोटचं आमी दोघं, आन त्याच्या पायाला खाच हाय, माझ्या न्हाई. आता बोला.

मंग मला बंदूक आवडली तर काय चुकलं? हातात घेतली की मानूस सरळ हुतो. मान आपूआप वर जाती. पर सोपानला आवडत न्हाई. चौदा वर्सं जिच्याबरुबर जेवला-निजला ती त्याला आवडत न्हाई, आन ज्याला कुनी पल्टनीत घेतलं न्हाई त्याला आवडती — हे गणित मला लय दीस सुटलं न्हाई. एकदा म्हनलं त्याला, घे की हातात, नेम दाखव पोरास्नी. तर घिना. म्हनलं, का रं, भ्या वाटतं का? तर तो कसा बोलला बगा. म्हनला, "दादा, आमच्यात ती कुनाच्या मालकीची न्हवती. सकाळी सही करून कोतातनं घ्यायची, सांजला मोजून कोतात टाकायची आन हात हालवत जेवाया जायचं. तुझ्या घरात कोत कुठाय?" कोत म्हंजी तेंची बंदुका ठिवायची खोली. तुमाला म्हाईतच असंल. मी हासलो. म्हनलं, माझ्या घरात मी हाय न्हवं.

म्हनूनच म्हनतो, अर्ज त्यानंच केला असनार. अर्ज आलाय न्हवं माझ्या इरुद्ध? मगाशी फायल उघडून गप मिटली ती बघितली मी. ह्याला बंदूक माघारी दिऊ नगा, असं कुनीतरी लिवून दिलंय. दुसरं कोन देनार? भाऊबंदच देनार. दसऱ्यापास्नंच त्याच्या मनात हुतं ते. — दसऱ्याला? काय न्हाई झालं दसऱ्याला. पत्र्याला एक भोक पडलं, बास. एका भोकाचं काय एवढं घिऊन बसायचं. न्हाई न्हाई, कुनाला लागलं न्हाई, उचलली जीभ लावली टाळ्याला असं करत्यात लोकं. नीट ऐका, मंग लिवा.

आमच्या गावात शिलंगणाला पालखी शिवंवर गेली की बार काढत्यात. पयला बार ज्याचा, मान त्याचा. हंबीररावाची काडतुसाची — घातलं काडतूस, वढला चाप, झालं. माझी पडली ठासणीची. दारू घाला, चिंधी घाला, छर्रं घाला, गजानं ठासा, मंग घोड्याखाली टोपी चढवा — तवर हंबीरराव दोन बार काढून मिशीला पीळ देत हुबा. दोन वर्सं तसंच झालं. म्हनलं औंदा न्हाई. औंदा आदल्या दिशीच ठासून ठिवतो. आदला दीस म्हंजी खंडेनवमी, हत्याराची पूजा. बाप सांगून गेला हुता, ठासलेली बंदूक पाटावर मांडू नगंस. ठावं हुतं मला. पर म्हनलं, टोपीशिवाय बार उडत न्हाई, तवा काय हुतंय. आन मंग टोपी बी चढीवली. का चढीवली? — पूर्ण तयार असावी म्हनून. अर्धी तयार ठिवली की जिवाला चैन पडत न्हाई माझ्या.

चूल आमची निराळी हाय, पर देव्हारा एकच, म्हनून सोपान पूजंला आलेला. आल्या आल्या इचारतो, दादा, रिकामी हाय का? सगळ्यांच्या देखत. घरात बायका, त्याची पोरं. मला राग आला. म्हनलं, तुझ्या पल्टनीतली न्हवं ती, माझी हाय. आन आमची कारभारीण ताट घिऊन आली — निरांजन, हळद-कुकू, झेंडूची फुलं. मी बंदूक पाटावरनं उचलून धरली तिच्याम्होरं. नळीवर बी कुकू लागावं, घोड्यावर बी लागावं, म्हनून घोडा आंगठ्यानं जरासा मागं वढला. आंगठ्याला तेल हुतं, घोडा निसटला. बास. सोपाननं तेवढ्यात हात घालून नळी वर ढकलली, त्याच्या हाताला फोड आला. पत्र्यातनं उजेड दिसाय लागला. धूर बसला तवा कारभारीण तिथंच हुबी, ताट तसंच हातात. निरांजन बी इझलं न्हाई. अशी बाई हाय ती. दुसरी असती तर किंचाळली असती. ही ताट खाली ठिवून हिरीवर जाऊन बसली.

काय? मी काय केलं? मी... बंदूक बघितली. नळी फुटली का बघितली. मंग दस्ता. — तिला बघितलं असंलच की. बघितलं असंल सायेब. आता सा-सात महिनं झालं, सगळं कुठं ध्यानात ऱ्हातंय.

न्हाई, ती काय बोलली न्हाई त्यावर. कवाच न्हाई. बोलत न्हाई म्हंजी राग न्हाई, असं मी धरून चाललो. वागायला तीच, सैपाक तोच. एकच केलं तिनं — जेवाया बसलं की माझ्या म्होरं यायची न्हाई. बाजूनं वाढायची. आधी म्होरं बसायची, भाकरी मोडून द्यायची, आन दसऱ्यापास्नं बाजूनं हात यायचा नुसता. मी घोंगड्यावर बंदूक पुसाय बसलो की परड्यातनं वळसा घालून घरात यायची, दारातनं न्हाई. मला वाटलं वय झालं, बायका वागत्यात काय काय. आन गंमत ऐका — हितं जमा केली, त्याला आठ-धा दीस झालं असत्याल, आन एक दीस म्होरं येऊन बसली. भाकरी मोडली. चटणीत तेल कमी हाय का, म्हनून इचारलं. मी म्हनलं, हिला काय झालं आज...

...

द्या जरा तो कागूद. न्हाई, द्या. चवथीपातूर शिकलोय मी, वाचता येतंय. — हे सोपानचं अक्षर न्हवं. त्याची पत्रं चौदा वर्सं वाचल्याती मी, त्याचं अक्षर पाठ हाय. हे कचेरीभाईरच्या अर्ज लिवनाऱ्याचं. "अर्जदार... बनाबाई भ्रतार... लालासाहेब." भ्रतार. आन खाली आंगठा. डावा.

कवा आली हुती? फागनात व्हय. मला म्हनली औंधला जाती, यमाईला, नवस हाय. मीच फाट्यावर सोडली तिला. एकटी एश्टीत कवा बसलेली न्हाई ती, म्हनून कंडक्टरला सांगून बसीवली, औंधला उतरवा म्हनून. आन ती हितवर आली. हितं, ह्या बाकड्यावर बसली हुती का? — आन काय म्हनली? न्हाई, सांगा. त्वांडानं काय म्हनली ते सांगा.

...माझं नाव मालकास्नी सांगू नगा, म्हनली.

मंग तुमी कागूद द्यायला नको हुता सायेब. मी मागितला खरा, पर तुमी द्यायला नको हुता. तिनं सांगितलं हुतं न्हवं. आता मी घरात जाऊन काय त्वांड करू? तिला नुसतं कळलं की मला कळलंय, तर ती परत बाजूनं वाढंल. वीस वर्सांचा संसार, आन मला भिऊन एवढ्या लांब येती ती. मी तिच्यावर हात उगारलेला न्हाई कवा, इचारा गावात. एकदा बी न्हाई. ते न्हाई व्हय लिवायचं तुमच्यात? त्याला रकाना न्हाई?

थांबा. असं करा. तुमी मला काय दाखीवलं न्हाई, मी काय बघितलं न्हाई. मी घरी सांगनार, सरकारचा नवा हुकूम आलाय, ठासणीच्या परत मिळत न्हाईत. सोपानला बी तेच सांगनार. हंबीरराव हासंल — हासू दे. माझ्या जबाबात लिवा, मालकाला बंदूक नको. सोताच्या खुशीनं. कारन? कारन आता काय बी लिवा. गंज धरला म्हना. कुठं सही करू? हितं? — ही घ्या. आन पावती बी घ्या, फाडा ती. माझ्यादेखत फाडा, घरात घावायला नको.

चला, येतो. फाट्यावर गाडी लागली असंल. — आवं, कुनाला हाक मारताय? नगा. त्या शिपायाला आतल्या खोलीत जाऊ दिऊ नगा. भाईर आणू नगा ती बंदूक. बघितली तर घिऊन जाईन मी.