बाराव्या माणसाचे पाय

पोलीस ठाणे. शनिवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे.

नाव वेगळ्या कागदावर दिले आहे, सगळे मला मावशी म्हणतात. वय ५८ वर्षे. धंदा: चर्चची झाडलोट व देखभाल. राहणार: चर्चच्या मागच्या अंगणातली खोली.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील खोलीत मी एकोणीस वर्षे एकटी राहते. नवरा वारल्यावर चर्चच्या कमिटीने मला काम दिले आणि कामाबरोबर खोली दिली. काम आहे तोवर खोली. गुरुवारी आपण ज्याला पकडून आणले तो माझा सख्खा धाकटा भाऊ, वय ४६. तो गटारे उपसतो. त्याचा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला. दर रविवारी तो शेवटच्या बाकावर बसतो. तिथे बस असे त्याला कोणी सांगितलेले नाही, पण तो पुढे बसला की शेजारची माणसे जागा बदलतात.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी संध्याकाळच्या उपासनेत पाळकसाहेब बारा गरिबांचे पाय धुतात. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. आपल्याला ठाऊक नसेल म्हणून सांगते की, ते पाय आधी मी धुते. दुपारी चार वाजता, मागच्या नळावर, साबण आणि ब्रश घेऊन. नखेसुद्धा कापते. पाळकसाहेबांच्या पांढऱ्या टॉवेलला डाग पडता कामा नये, असा कमिटीचा हुकूम आहे. यंदाचे अकरा धरून मी दोनशे सत्तावीस माणसांचे पाय धुतले. त्याचा फोटो कोणी काढलेला नाही. गाऱ्हाणे म्हणून सांगत नाही, विचारले म्हणून सांगते.

यंदा कमिटीचे सेक्रेटरी सोमवारी येऊन म्हणाले, "मावशी, या वेळी पाय उमेदवारसाहेब धुणार. फोटोवाले येणार आहेत. जरा जास्तच घासा."

मी विचारले, "मग पाळकसाहेब काय करणार?"

"ते टॉवेल धरतील."

हे उमेदवार म्हणजे निवडणुकीला उभे असलेले तेच. मागच्या महिन्यात चौकातल्या भाषणात त्यांनी आमच्या गेटसमोरच्या वस्तीला शहराला लागलेली घाण म्हटले. निवडून आलो की ती जागा मोकळी करून देतो, असे ते कमिटीलाही सांगून गेले. माझा भाऊ त्याच वस्तीत राहतो. पाळकसाहेबांनी उमेदवारासाठी रविवारी मोठी प्रार्थना केली. वस्तीसाठीही करावी अशी चिठ्ठी मी दिली होती. ती वेळेअभावी राहून गेली, असे मला कळवण्यात आले.

गुरुवारी दुपारी दोन वाजता चर्चच्या गेटजवळचे गटार तुंबले. पाहुणे यायचे आणि वास मारतोय, म्हणून कमिटीची धावपळ उडाली. सेक्रेटरींनी माझ्या भावाला फोन करून बोलावले. भाऊ दोन तास आत उतरून होता. हातात मोजे नाहीत, पायात काही नाही. बारा जणांच्या यादीत त्याचे नाव होते. साडेचारला तो वर आला आणि तसाच रांगेत उभा राहिला.

मी त्याला म्हटले, "ये, बस. पाय पुढे कर."

तो म्हणाला, "कशाला ताई? आत धुणारच आहेत ना?"

"अरे, ते नावाला असतं."

"मग आज खरं होऊ दे की. त्यांचंच गटार आहे, माझं कुठंय?"

मी त्याला धरून बसवू शकले असते. लहानपणी बसवतच होते. पण मी ब्रश खाली ठेवला. खरे सांगायचे तर मलाही बघायचे होते. यात कुणाचा गुन्हा धरायचाच असेल तर तो माझा धरावा.

सहा वाजता उपासना सुरू झाली. बारा जण वेदीसमोर खुर्च्यांवर बसले, भाऊ शेवटी. मी कोमट पाण्याचे पितळी भांडे एकेकाच्या पायांपुढे सरकवून बाजूला उभी राहत होते, म्हणजे तीन हातांवर. उमेदवारांनी अकरा जणांचे पाय धुतले. धुतले म्हणजे बोटे ओली केली आणि फोटोवाल्यांकडे पाहिले. बाराव्यापाशी आले, खाली पाहिले, नाकाला रुमाल लावला आणि उठून उभे राहिले. पाळकसाहेब "आमेन" म्हणाले. मंडळीही "आमेन" म्हणाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भाऊ हळूच म्हणाला, "साहेब, मी राहिलो."

उमेदवार हसून म्हणाले, "तू घरी जाऊन धू, बाबा."

भावाने एक पाय उचलून भांड्यात ठेवला. पाणी काळे झाले. उमेदवार दचकून मागे सरले, त्यांचाच बूट भांड्याला लागला आणि ते पाणी त्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर उडाले. मग आरडाओरडा झाला. चार जणांनी भावाला खाली पाडले. त्यांतल्या दोघांना त्यांच्या लहानपणी मी रविवारच्या शाळेत हात धरून नेऊन बसवलेले आहे.

विचारल्यावरून सांगते की, भावाने लाथ मारली नाही. शिवी दिली नाही. लाथ मारून धर्माची विटंबना केली, असे कमिटीच्या फिर्यादीत लिहिले आहे. ती झाली हे मला मान्य आहे. ती भावाने केली, हे मान्य नाही.

विचारल्यावरून पुढे सांगते की, आज सकाळी सेक्रेटरींनीच मला गाडीत घालून ठाण्यात आणले. वाटेत ते म्हणाले, "मावशी, लाथ मारली एवढंच सांगा. भाऊ चार दिवसांनी सुटेल, आणि तुमची खोली मरेपर्यंत तुमची. नाहीतर कमिटीला विचार करावा लागेल. या वयात कुठं जाणार तुम्ही?" कुठे जाणार, हे मलाही माहीत नाही. ते बोलण्याआधीच, काल रात्रभर मला त्याचाच घोर लागला होता. लाथ मारली, हे दोन शब्द मी गाडीत मनातल्या मनात म्हणूनही पाहिले. जमेल असे वाटले होते. पण इथे आल्यावर भाऊ गजांमागे दिसला. त्याचे पाय अजून तसेच आहेत, चिखल वाळून भेगा पडल्यात. मी बादलीभर पाणी मागितले. नियमात बसत नाही, असे सांगण्यात आले. त्यानंतर मला खोटे बोलता आले नाही.

माझे सांगणे संपल्यावर जबाब लिहिणारे साहेब तो हळू आवाजात वाचून दाखवू लागले. सेक्रेटरी बाहेर बाकावर बसले असल्याने दार उघडून मोठ्याने वाचावे, अशी मी विनंती केली. लाथ मारली नाही, हे वाक्य मी दोनदा वाचून घेतले. दुसऱ्या वेळी सेक्रेटरी आत आले आणि त्यांनी खोलीची किल्ली मागितली. ती मी साहेबांच्या टेबलावर काढून ठेवली. तेही माझ्या सांगण्यावरून यात लिहिले आहे. ऐकले, मी सांगितले तसेच आहे, खरे आहे, म्हणून सही करते.