अप्पांच्या खाटेमागची ओल

“हॅलो?... कोण, जगदेवी? जरा मोठ्यानं बोल बाई. लातूरचा जिल्हा झाला, पण लाईन काही सुधरंना. खरखर, खरखर...”

उदगीरला नवऱ्याच्या अडतीत गादीच्या कडेला टेकून शिवकांता माहेरचं गाऱ्हाणं ऐकत होती. भावजय जगदेवी सांगत होती, अप्पांच्या खाटेमागची भिंत ओली झालीय, गिलावा गळून पडतोय. शेजारच्या रामकिशनकाकांच्या न्हाणीचं पाणी मुरतंय, असा अप्पांचा निकाल. उद्या तिचा भाऊ मन्मथ ती न्हाणी फोडणार होता. चाळीस वर्षं मिस्त्रीकाम केलेल्या बापापुढं तो काय बोलणार?

“हाव, हाव... अगं ऐक ना. ओल किती उंच हाय?... गुडघ्याएवढी. अन् रुंद?... हातभरच? पायथ्याला?... मग न्हाणीचं कसं? न्हाणीचं असतं तर ओलीनं सगळी भिंत धरली असती... वरून? दोन वर्षं पाऊस कुठंय वरून यायला?... अन् आठ दिवसाला नळ येतो तुमच्याकडं. काका तांब्याभर पाण्यात अंग पुसतात म्हणं... तरी फोडू देतात? भांडले न्हाईत?... नुसतं ‘फोडा’ म्हणाले?... तू कुठून बोलायलीस?... त्यांच्याच घरून. बरं. मग हळू बोल.”

लहानपणी अप्पांच्या मागं घमेलं धरून फिरताना शिवकांता भिंती वाचायला शिकली होती. शाळा चौथीतच सुटली, हे तेवढं राहिलं.

“भिंतीवर पांढरा खार फुटलाय?... कधीपासून?... संक्रांतीपासून. अप्पा उंबऱ्यात पडले ते कधी?... तेव्हाच. हं... वास येतो का?... जगदेवी, वासाचं इचारलं मी... उदबत्ती? दिवसभर? कोण लावतं?... अप्पाच.”

दुकानात हमाल तुरीचं पोतं टाकून गेला. शिवकांतानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“काकांना दे फोन... काका, शिवकांता बोलते. न्हाणी फोडू नका... न्हाई, तुम्ही का फोडू देता ते कळलं मला. लई मोठं मन हाय तुमचं... पण न्हाणी फोडली तरी भिंत वाळायची न्हाई. मग अप्पा अजून कुणाचं काय फोडायला लावतील?... हाव, मानी हायत. मला का ठाऊक न्हाई?... कुणीतरी बोलाय पायजे न्हवं?”

तिनं एकदा गादीवरच्या नवऱ्याकडं बघितलं, अन् आवाज न उतरवता म्हणाली,

“अप्पांना लघवीला मोरीपर्यंत जाणं व्हईना, काका.”

लाईन एकदम स्वच्छ झाली होती.