पढवलेला जबाब

आई : ताठ उभा राहा जरा. कॉलर दुमडतेय. सगळे कॅमेरे तुझ्याकडेच वळणार आहेत, निदान गबाळा तरी दिसू नकोस.

थोरला : आई, मी मोर्चात येणार नाही, हे कालपासून सांगतोय. तू ऐकून न ऐकल्यासारखं करतेस.

आई : आणि मी कालपासून या शर्टामागे आहे. धुतला, वाळवला, इस्त्री केली. आता अंगात घातलायस ना? मग चल. माईकपुढे दोन वाक्यं बोल आणि ये खाली. म्हणावं, माझ्याशी पोलीस असेच वागले, आता माझ्या धाकट्या भावाशी वागताहेत. संपलं. चौक नुसता फुललाय. टॅक्सीवाले, दुकानदार, कॉलेजची पोरं. तुझ्या वेळी आपल्या दारात कुत्रं फिरकलं नव्हतं.

थोरला : दगड आले होते की.

आई : ज्यांनी मारले तेच आज मोर्चात पुढे आहेत. लाज वाटतेय त्यांना. वाटू दे. एका भावाला खोटं अडकवलं, आता दुसऱ्याला अडकवताहेत, हे आता पोरंसोरंही बोलतात. काल तर त्या टीव्हीवाल्या बाईला लोकांनी गल्लीतून हाकलून लावलं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. तुझ्या वेळी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या मी एकटीने झिजवल्या.

थोरला : परवा मी त्याला कोठडीत भेटलो.

आई : माहीत आहे. पाठ सुजलीय, डोळा काळानिळा झालाय, तूच सांगितलंस. मग तेच सांग ना चौकात. दुकानातल्या त्या बेपत्ता मुलीला मारल्याचं त्याने कबूल केलं म्हणून मिरवताहेत मेले. गुरासारखं मारल्यावर कोण कबूल करणार नाही? तूही केलंच होतंस की.

थोरला : केलं होतं. पाठ करून केलं होतं. ते कसं करतात, तुला मी कधी सांगितलं नाही.

आई : आज नको. आज माझ्यात ते ऐकायची ताकद नाही.

थोरला : आजच ऐक. इन्स्पेक्टर वाचून दाखवायचा, मी मागून म्हणायचो. चुकलं की फटका आणि पुन्हा पहिल्यापासून. त्या वॉचमनला मी कुठे गाठलं, कुठल्या हाताने मारलं, सळई कुठे फेकली. शेवटी इतकं तोंडपाठ झालं होतं की झोपेतून उठवलं असतं तरी घडाघडा म्हटलं असतं. आणि त्या बिचाऱ्या वॉचमनचं मी तोंडही पाहिलं नव्हतं.

आई : म्हणून तर म्हणतेय मी. हेच बोल.

थोरला : थांब, पुढे ऐक. परवा मी धाकट्याला म्हटलं, तुला काय पढवलंय ते मला म्हणून दाखव, वकिलाच्या कामाला येईल. मला वाटलं, हाही घडाघडा म्हणेल, आणि माझा जीव भांड्यात पडेल. तो घडाघडा बोललाच नाही. अडखळत होता. मधेच मागे जात होता. नाही नाही, पाऊस आदल्या दिवशी होता, असं स्वतःलाच दुरुस्त करत होता. ती दुकान बंद करून कंटाळली होती, म्हणाला. तिच्या चपलेचा अंगठा तुटला, हा हसला, ती चिडली. आई, असल्या गोष्टी कुठला इन्स्पेक्टर पढवतो? कोर्टात त्यांचा काय उपयोग?

आई : भेदरलाय रे तो. भेदरलेला माणूस काहीही बरळतो.

थोरला : ती कुठे आहे, तेही सांगितलं त्याने.

आई : वरचं बटण लाव.

थोरला : पोलिसांना ते माहीत नाही. त्यांना जबाबात त्याने नदी सांगितलीय. ते नदी ढवळत बसलेत आणि टीव्ही दिवसभर नदी दाखवतोय. नदीत काही नाही.

आई : बघ. तूच म्हणालास, नदीत काही नाही. म्हणजे जबाब खोटाच ना?

थोरला : नदीपुरता खोटा आहे.

आई : वकील म्हणतो, मुलगी सापडत नाही तोवर खूनच झालेला नाही. रुसून कुठेतरी गेली असेल. दोघं एका दुकानात मोबाईल दुरुस्त करायची, एवढाच काय तो याचा गुन्हा. उद्या ती दारात येऊन उभी राहील, तेव्हा हे सगळे तोंडावर आपटतील.

थोरला : मी काल जाऊन आलो तिथे. स्टेशनमागे ती इमारत अर्धवट बांधून टाकून दिलीय ना, तिच्या टाकीपाशी.

आई : झाकण उघडलंस?

थोरला : उघडायची गरज पडली नाही.

आई : कुणाला बोललास?

थोरला : ठाण्याच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथूनच परत फिरलो. त्या दारातून मी पुन्हा आत शिरलो, तर पुन्हा बाहेर येईन कशावरून? पहिला प्रश्न हाच विचारतील, तुला कसं माहीत? त्यांना काय, एकाऐवजी दोन भाऊ.

आई : मग झालं तर. नाही बोललास ना? बोलू नकोस.

थोरला : तू मला एकदाही विचारलं नाहीस, हे खरं आहे का म्हणून.

आई : नाही विचारणार. एकदा विचारलं होतं, तुला. विसरलास? त्या टीव्हीवाल्या पोराने माईक तोंडाशी धरला, आणि मी काय म्हणाले? त्याने केलं असेल तर फाशी द्या त्याला. मी, तुझी आई, असं म्हणाले. दिवसभर तेवढंच दाखवत होते, फिरवून फिरवून. पुढे खरा खुनी सापडला, तेव्हा पडद्याच्या तळाशी एक ओळ सरकून गेली. मी चष्मा शोधेपर्यंत गेलीसुद्धा. त्या दिवशी ठरवलं, पोटच्या पोराबद्दल पुन्हा कुणाचं ऐकायचं नाही. पोलिसांचं नाही, टीव्हीचं नाही.

थोरला : आणि पोराचं स्वतःचं?

आई : त्याचंही नाही.

थोरला : जो विश्वास माझ्यावर ठेवायचा होतास, तो आता त्याच्यावर ठेवते आहेस, आई. चुकीच्या पोराला मिळाला तो.

आई : बोल. इतकी वर्षं मनात दाबून ठेवलंस, आज बोल. माझी ना नाही. पण तू हे बाहेर बोललास, तर लोक काय म्हणतील ते ठाऊक आहे? म्हणजे पहिल्या वेळीही पोलीस खरंच बोलत होते. तूही पुन्हा खुनी होशील. कसाबसा माणसांत आलायस. नोकरी लागलीय, लोक हाक मारून बोलायला लागलेत. दोघंही जाल मला सोडून.

(दारावर टकटक. बेपत्ता मुलीचे वडील आत येतात. जन्मभर वायरमनचं काम केलेले.)

वायरमन : येऊ का? खाली सगळे खोळंबलेत, म्हटलं आपणच वर जाऊन बघावं. स्पीकरची जोडणी करूनच आलो. पोरांनी अर्थिंगच दिलं नव्हतं. तू माईकला हात लावला असतास तर सणसणीत झटका बसला असता.

आई : तुम्ही कशाला जिने चढलात, भाऊ? येतच होता तो.

वायरमन : त्रास कसला, वहिनी. घर खायला उठतं. इथे चार माणसांत बरं वाटतं. तिच्या फोनला रिचार्ज मारायचा होता, तोही येता येता मारला. लागत नाही फोन, पण नंबर चालू राहायला हवा. बंद पडला की कंपनी दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकते म्हणे.

थोरला : काका, तुम्ही बसा.

वायरमन : बसायला वेळ कुठाय? सकाळी तो इन्स्पेक्टर आला होता. मनाची तयारी ठेवा म्हणतो. मी म्हटलं, साहेब, या घरातल्या थोरल्याबद्दलही तुम्ही असंच छातीठोक सांगितलं होतं. तो निर्दोष निघाला की नाही? मग माझी मुलगी जिवंत का निघणार नाही? आणि ते टीव्हीवाले. ती हुशार होती, ती हसरी होती. अरे, होती काय? तुम्ही कोण ठरवणारे?

आई : चला, उशीर होतोय. जिना जपून उतरा.

वायरमन : एक मिनिट, वहिनी. याला सांगायचंच होतं मला. बाळा, तुझ्याकडे पाहिलं की मला धीर येतो. तुला त्यांनी संपवलं होतं, आणि तू समोर उभा आहेस, इस्त्रीचा शर्ट घालून. पोलिसांनी सांगितलं तर मी मानणार नाही. टीव्हीने सांगितलं तर मुळीच नाही. पण तू जे म्हणशील ते मी मानतो. तू त्यातून गेलायस.

थोरला : काका, मोर्चात जाऊ नका.

वायरमन : का रे? लाठ्या चालवणार आहेत का?

थोरला : पोलिसांनी त्याला मारलं हे खरं आहे. आणि त्याने केलं, हेही खरं आहे. मला त्याने स्वतः सांगितलं. ती कुठे आहे ते मी पाहून आलोय.

आई : झोप नाही त्याला कित्येक दिवस. तुम्ही नका मनावर घेऊ.

थोरला : माझ्याबरोबर ठाण्यात चला, काका. माझी एकट्याची छाती होत नाही.

वायरमन : दाखव.

थोरला : चला. दाखवतो.

वायरमन : ते नव्हे. हात दाखव. बाही वर कर.

थोरला : काका, ऐका तरी.

वायरमन : पाठीवर असतील वळ. दिसू नयेत म्हणून तिथेच मारतात ना? काल उचललं असणार तुला. भावाविरुद्ध बोल, नाहीतर पुन्हा आत टाकतो, असं म्हणाले असतील. मला सांग, मी रागावणार नाही. तुझ्या जागी कुणीही असंच बोललं असतं.

थोरला : मला कुणी हात लावलेला नाही.

वायरमन : धमकी दिली असेल.

थोरला : नाही, काका.

वायरमन : वहिनी, तुम्ही सांगा. काल पोलीस आले होते ना इथे?

आई : पाणी आणते तुमच्यासाठी.

वायरमन : पाणी नको मला. आले होते ना?

आई : नाही, भाऊ. कुणीही आलं नव्हतं.

वायरमन : मग तू तरी म्हण, बाळा. मारलं म्हण. एवढंच म्हण, माझा लगेच विश्वास बसेल.