लाल पट्टी, निळी पट्टी

मुलगा : जेवायला वाढलंस? तिला?

आई : मग काय उपाशी घालवू? भर दुपारी दारात बाई उभी, हातात जड पिशवी, तोंड सुकलेलं. मी म्हटलं, ये बाई, बस.

मुलगा : आई, ती पाहुणी नव्हती. कोर्टाकडून आली होती. आम्ही घरात कसे राहतो ते बघायला.

आई : कोर्टाच्या माणसाला पोट नसतं का?

मुलगा : काय काय विचारलं तिनं? नीट आठवून सांग.

आई : आठवायचं कशाला, विसरलेय कोण? तिनं फोन टेबलावर ठेवला. त्यातून एक पोरगी आपल्या भाषेत बोलायला लागली. काय गोड बोलते! ही बाई तिच्या भाषेत विचारणार, पोरगी मला सांगणार, मी बोलले की तिकडे पोचवणार. पहिलं विचारलं, स्वयंपाक कोण करतं. मी म्हटलं, मी आल्यापासून मीच.

मुलगा : बरं.

आई : मग म्हणाली, कुणाकुणाचा करता.

मुलगा : आणि तू काय सांगितलंस?

आई : काय सांगणार? सगळ्यांचा. झाकण काढून पातेलंच दाखवलं.

मुलगा : पातेलं दाखवलंस.

आई : चांगलं लख्ख घासलेलं होतं. मान खाली घालावी असं काही नव्हतं त्यात.

मुलगा : मग?

आई : मग गॅलरीत गेली. दोरीवर तुझे ते लिफ्टच्या ग्रीसचे कपडे, सूनबाईचे कामावरचे कपडे, आपल्या भिंगरीचे इवलेसे मोजे, सगळं वाळत होतं. त्याचे फोटो काढायला लागली. मी म्हटलं, थांब जरा, चिमटे सरळ करते.

मुलगा : चिमटे सरळ केलेस.

आई : फोटो निघणार म्हटल्यावर वाकडे ठेवायचे का? आणि प्रत्येक शब्द परत काय म्हणतोस, पोपटासारखा?

मुलगा : आणि फ्रिज? फ्रिज उघडला तिनं?

आई : उघडला की. मला म्हणाली, इथल्या पट्ट्या कुठे गेल्या. म्हटलं, खरवडून काढल्या मी. फ्रिजला पट्ट्या लावून वाटणी केलेली मी जन्मात पाहिली नव्हती. वरचा कप्पा लाल तिचा, खालचा निळा तुझा. शेगड्यासुद्धा वाटलेल्या, डावी तिची, उजवी तुझी. पाण्याच्या नळाला तेवढी पट्टी लावायची राहिली होती.

मुलगा : आई, तू आलीस त्याच दिवशी मी तुला समजावलं होतं की नाही? इथे घटस्फोट हवा तर वर्षभर वेगळं राहावं लागतं. दुसरं घर परवडत नाही, म्हणून एका छपराखाली, पण सगळं वेगळं. खोली वेगळी, शिजवणं वेगळं, धुणं वेगळं. अकरा महिने आम्ही ते पाळलं. अकरा महिने, आई! वकिलाचा मघाशी फोन आला होता. ती बाई लिहून गेली की ही माणसं एकत्र राहतात. आता वर्ष आजपासून पुन्हा मोजायचं.

आई : मग मोजा. मोजायला काय लागतं?

मुलगा : तुला काही वाटतं का गं?

आई : वाटतं ना. नियम तुला तोंडपाठ होता, तर परवा रात्री दोनदा भात का मागून घेतलास? आणि तळाची खरपुडी कुणी मागितली? कोर्टानं?

मुलगा : ...तू वाढत होतीस.

आई : वाढणारीचा दोष. हं. पुढे बोल.

मुलगा : पुढे हे, की अजून सावरता येतं. वकील सहाला फोन करणार आहेत. तीच दुभाषी मुलगी असेल. तू फक्त एवढं म्हणायचंस, की वयामुळे माझा गोंधळ झाला. मी माझ्यापुरतं आणि भिंगरीपुरतं शिजवते, बाकी घरातलं मला नीट कळत नाही. तेवढ्यावर ते त्या बाईंचा अहवाल फिरवून घेतील.

आई : कुणाला कळत नाही?

मुलगा : तुला. म्हणजे तसं म्हणायचं फक्त.

आई : सात जावांच्या घरात कोठीची किल्ली माझ्या कमरेला होती. कोण किती पोळ्या खातं ते मी चेहरा बघून सांगायचे. आणि आता फोनवर परक्या पोरीला सांगू, की बाई माझं डोकं फिरलंय, मला माणसं मोजता येत नाहीत? चौथीत माझी शाळा सुटली, बाबा. डोकं नाही सुटलं.

मुलगा : एक वाक्य आहे, आई.

आई : एक वाक्य आहे तर तूच म्हण. म्हण, आईला वाढताना बघून माझाच गोंधळ झाला.

मुलगा : तुझ्याशी बोलण्यापेक्षा अडकलेल्या लिफ्टशी बोललेलं बरं.

आई : मग मला एक सांग. एवढी घाई कसली? अकरा महिने काढलेत, आणखी वर्ष काढलं तर काय आभाळ कोसळणार आहे?

मुलगा : मी थकलोय. एवढंच.

आई : थकलेला माणूस झोपतो. तू तर वकिलामागे धावतोयस.

(सून कामावरून येते. चपला दारातच काढते, फ्रिज उघडते, पुसून काढलेल्या कप्प्यांकडे बघत उभी राहते.)

आई : बंद कर तो, गार हवा जाते. तुलाही फोन आला वाटतं.

सून : आला. वृद्धाश्रमात एका आजोबांना भरवत होते, चमचा हातात तसाच राहिला. आई, तुम्ही त्या बाईंना खरंच जेवायला वाढलंत?

आई : आता तू नको सुरू होऊस. याला विचारलं घाई कसली, तर म्हणतो थकलोय. तू तरी धड सांग.

सून : मी कशाला सांगू? तुमचा मुलगा आहे, तुमच्याशी खोटं बोलायचं नाही म्हणतो नेहमी.

मुलगा : झालं? मारलास टोमणा?

सून : नाही, अजून सुरुवात आहे.

आई : गप्प बसा दोघंही. भिंगरी आत चित्रं रंगवतेय, कान इकडेच आहेत तिचे. सूनबाई, तू बोल.

सून : माझा इथला व्हिसा याच्या नावावर आहे. याची बायको म्हणून. घटस्फोट झाला की तो संपला, मला देश सोडायचा. आणखी वर्षभर लग्न कागदावर राहिलं तर मला स्वतःचं, इथे राहायचं कार्ड मिळतं. मग कुणाची बायको असो नसो, मी इथे राहू शकते. म्हणून याला घाई.

आई : आणि पोरगी?

सून : ते त्याला विचारा.

आई : तुला विचारतेय. तोंड का फिरवतेस?

मुलगा : भिंगरी इथे जन्मली. तिची शाळा इथे, तिचं सगळं इथे. ती इथेच राहील.

आई : आईशिवाय?

मुलगा : दोघांच्या सह्या असल्याशिवाय तिला देशाबाहेर नेता येत नाही. मी सही देणार नाही. बास.

आई : मला तर तू तिकडे फोनवर म्हणाला होतास, दोघांच्या मर्जीनं चाललंय, पोरगी आईपाशीच राहणार.

मुलगा : तुला काळजी नको म्हणून.

आई : बरीच काळजी घेतोस माझी. आणि तू दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला असतोस. पाच वर्षांच्या पोरीला बघणार कोण?

सून : सांग ना. आता का गप्प?

मुलगा : तू मध्ये पडू नकोस.

सून : तुम्ही, आई. तुमची इथे राहायची मुदत वाढवायला अर्ज दिलाय त्यानं. कारण लिहिलंय, नातीचा सांभाळ. कोर्टालाही तेच सांगितलंय, घरात आजी आहे.

आई : मला म्हणाला होता, हवापालट. गुडघ्यांना बरं वाटेल, बागेत फिरशील. मी तर नवीन बूट घेऊन आले.

मुलगा : आई, ऐक...

आई : म्हणजे या पोरीला उचलून बाहेर काढायचं, आणि तिच्या जागी मला आणून बसवायचं. मला न विचारता. मी काय खुर्ची आहे?

मुलगा : मग मी काय करायला हवं होतं? ती भिंगरीला घेऊन विमानात बसली असती, संपलं. मला सुट्टी किती मिळते? रविवारी फोनवर दहा मिनिटं. ती हात हलवणार, मी हात हलवणार. मी बाप आहे का बातम्या देणारा माणूस आहे, काचेआडून बोलायला?

सून : आणि तुझ्या बेताप्रमाणे काचेआडून हात मी हलवायचा. फरक काय झाला? फक्त माणूस बदलला.

मुलगा : तूच आधी म्हणालीस, तिला घेऊन जाईन म्हणून.

सून : तू व्हिसाची धमकी दिलीस म्हणून म्हणाले!

मुलगा : धमकी नव्हती ती, मी चिडलो होतो...

आई : पुरे! एकानं उजवी बाही ओढायची, दुसऱ्यानं डावी. आत पोर आहे त्या झग्यात, हे दोघांच्याही लक्षात नाही. तुम्हाला काय वाटतं, मी पट्ट्या कशाला काढल्या? फ्रिज घासायची हौस होती मला?

मुलगा : म्हणालीस ना, जन्मात पाहिलं नव्हतं.

आई : तेही खरं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी दूध घ्यायला आली. मी दुधाची पिशवी घेतली वरच्या कप्प्यातली. तिनं माझा हात धरला. म्हणाली, आजी, तू लाल का निळी? मी म्हटलं, मी कुठलीच नाही गं. तर म्हणते कशी, मग तू काय खाणार? पोर रडवेली झाली होती. तिला वाटलं आजीला या घरात खायलाच मिळणार नाही. मग मी सुरी घेतली आणि सगळ्या खरवडल्या.

मुलगा : हे तू मला सांगितलं नाहीस.

आई : तू कुठे होतास ऐकायला? तुम्ही दोघं शेजारशेजारच्या खोल्यांतून एकमेकांना फोनवर निरोप टाइप करत होतात.

सून : आई, तुम्ही वाढता तेव्हा मला बरं वाटतं, हे कबूल. वर्षभर ओट्याशी उभ्यानंच जेवलेय मी. पण आणखी एक वर्ष? याच घरात, याच्यासमोर? मला नाही जमायचं. आणि माझी कीव करून कुणी काही...

आई : कीव? गैरसमज करून घेऊ नकोस हं. तुझा तोरा मला पहिल्या दिवसापासून आवडलेला नाही. आमटीत मीठ कमी घालतेस आणि वर आम्हाला तब्येतीचं सांगतेस. मी तुझ्यासाठी काही करत नाहीये.

सून : मग कुणासाठी?

आई : माझ्यासाठी. मी आजी आहे, तिची आई व्हायला आलेले नाही. आई होऊन झालंय माझं, त्याचं फळ हे समोर उभं आहे.

मुलगा : छान.

आई : वाईट वाटून घेऊ नकोस, फळ बरं आहे, जरा कच्चं राहिलं. ऐका आता. वर्ष जातं. वर्षात हिचं कार्ड होऊ दे. मग व्हा खुशाल वेगळे, मी मध्ये येणार नाही. तू एका गल्लीत राहा, ही दुसऱ्या गल्लीत. पोरगी चालत इकडे, चालत तिकडे. विमानही नको आणि काचही नको.

मुलगा : म्हणायला सोपं आहे. वर्षभर एकमेकांची तोंडं बघायची.

आई : बघू नका. ताटाकडे बघा.

सून : आणि तुम्ही?

आई : माझी मुदत आहे तोवर मी आहे. ती संपली की मी माझ्या घरी. अर्ज मागे घे रे तो. मला विचारून दे पुन्हा, मग बघू.

मुलगा : आई, सहा वाजले. फोन येईल. मी शेवटचं सांगतो, हे आज झालं नाही तर माझ्या हातात काही उरणार नाही. वकील म्हणत होते, केस आपण जिंकतोय.

आई : कुणाविरुद्ध जिंकतोयस ते एकदा आत जाऊन बघून ये. गुडघ्यावर कागद घेऊन बसलीय.

सून : वाजतोय.

मुलगा : आई. प्लीज. वयामुळे गोंधळ झाला. एवढंच.

आई : दे इकडे. कुठे दाबायचं? हॅलो... हो, हो, मीच. तूच का गं दुपारची पोरगी? बरी आहेस ना?... वकील आहेत का पलीकडे? विचारू दे त्यांना... काय म्हणतात?... माझा गोंधळ झाला का?

मुलगा : हो म्हण.

आई : नाही गं. काही गोंधळ नाही. दुपारी सांगितलं तेच खरं आहे. हो, माझ्या तोंडानं सांगतेय, कुणी शिकवलेलं नाही... पुढे काय? त्यांना सांग, आज रात्रीचा भातही एकाच पातेल्यात आहे... नाही, एवढंच. ठेव तू. पोटभर जेव.

सून : ...मी ताटं घेते.

आई : तू बस, आत्ता आलीस. तो घेईल. घे रे ताटं.

मुलगा : किती?

आई : मोज की. मला तर मोजता येत नाही म्हणे.

मुलगा : चार.