सासऱ्यांच्या जन्माची नोंद

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी सुरू झालं हे सगळं, आणि तुम्हाला सांगते, तेव्हापासून माझं डोकं जे तापलंय ते अजून उतरलेलं नाही! माझ्या धनश्रीचा चांगल्या शाळेत फुकट शिकायला लॉटरीत नंबर लागला, लिंबायतच्या आमच्या अख्ख्या गल्लीत एकटीचा, आणि शाळा म्हणते जातीचा दाखला आणा, दाखल्याच्या खिडकीवरचा म्हणतो तिच्या आजोबांच्या जन्माची नोंद आणा, तीही शुक्रवारपर्यंत... म्हणून मी गेले कचेरीत, जुन्या वह्यांच्या खोलीत. तिथल्या गुजराती भाईंनी वही काढली, पानावर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "बेन, आ निंबाभाई तो गुजरी गया छे."

निंबाभाई म्हणजे माझे सासरे, आमचे आबा, नऊ महिन्यांचे असताना वारले म्हणे! अहो, सकाळी माझ्या हातच्या चार भाकरी खाल्ल्या त्यांनी, वर म्हणाले ठेच्यात मीठ कमी!

घरी येऊन सासूबाईंना विचारलं, तर मेथी निवडता निवडता, मानही वर न करता म्हणतात, "हां, तो पहिला निंबा."

पहिला? म्हणजे अजून आहेत किती? मग एकेक बाहेर पडलं... आमच्या आबांच्या आधी एक भाऊ झाला होता, तो गेला, मग त्याच्याहून तीन वर्षांनी लहान आबा झाले, आजेसासूंनी तेच नाव ठेवलं, आणि घरात जन्माचा एक दाखला पडलाच होता, मग दुसरा कशाला काढायचा? वाया जाईल ना! त्याच्यावर शाळा, त्याच्यावर रेशनकार्ड, त्याच्यावर पांडेसऱ्यात साड्या रंगवायची नोकरी, आणि ऐका, त्याच्यावरच तीन वर्षं आधी रिटायर! वय भरलं मेलेल्याचं, घरी बसला जिवंत!

"मग मला का नाही सांगितलं?"

"सूनले काय सांगानं त्यामा?"

बघा! नवऱ्याला ठाऊक, नणंदेला, उज्ज्वलाताईंना ठाऊक, समोरच्या रंजनाकाकूंनासुद्धा ठाऊक, पण सुनेला काय सांगायचं! सुनेनं लाइनीत उभं राहायचं, सुनेनं खोटं पडायचं! नवरा म्हणतो, "उगाच टेन्शन घेते तू. आबा जिवंत आहेत ना? नेऊन दाखव."

नेले! काल आबांना धुतलेली टोपी घालून नेले. म्हणाले, "मी निंबा." भाई म्हणाले, "दादा, तमे छो, पण वहीमां नथी." समोर आहेत, वहीत नाहीत! आबांनी भावाच्या नावावर बोट ठेवलं आणि किती वेळ उचललंच नाही... मला गलबलून आलं, नाही कशाला म्हणू, पण राग गेला नाही! मला सातवीनंतर घरी बसवलं तेव्हा कोणाला कागद शोधावासा वाटला नव्हता, माझ्या पोरीचं मी तसं होऊ देणार नाही. पण सुनेला काय सांगायचं!

आता उद्या शुक्रवार. भाई म्हणतात, दुसरा निंबा जन्मलेला ज्यांनी डोळ्यांनी पाहिला अशी दोन म्हातारी माणसं आणा, सही करतील. तेव्हा तुम्ही सगळे जरा पुढे सांगा हो, लिंबायतात, नवागामात... त्या बारशाच्या घुगऱ्या खाल्लेलं कोणी असेल तर सकाळी दहाला पाठवा, रिक्षाचं भाडं माझं. स्वतःच्या जन्माचा दाखला तेवढा आणायला सांगा, तो बघतात. आणि निघायच्या आधी घरच्यांना विचारून घ्या म्हणावं, तो त्यांचाच आहे ना!