उतारावरची टॅक्सी

चहा पाजून दरवेळी तुमी हेच उकरता. ऐका. थंडीत माझी टॅक्सी सकाळी चालू व्हायची नाय, म्हणून उतारावर लावायचो. ढकलली की चालू.

एका संध्याकाळी चुलतभाऊ दत्तूनं भाताच्या बैलगाडीला वाट हवी म्हणून ती खाली शेतात ढकलली. चाकं रुतली.

मी म्हणालो, "बैल जुंप, वर ओढू."

"बैल दमलेत रं. सकाळी बघू. टॅक्सी गारठून बंद पडायला हे काय काश्मीर लागून गेलं?"

पहाटे त्याच्याच आईला धाप लागली. बैलांनी गाडी वर ओढून चालू करेपर्यंत तास गेला. दवाखान्यात नेताना काकी कर्जतच्या अलीकडंच गेली, माझ्या मागच्या सीटवर.

तेराव्याला तो सगळ्यांसमोर म्हणाला, "ह्याच्या खटाऱ्यानं माझी आय नेली."

दुःखात होता, मी पंगतीत वाढत राहिलो. आता म्हातारे झालो दोघं. अजून "चुकलं" म्हणाला नाय, तो दत्तू.